कुटुंबातील एकूण व्यक्ती

सरकारी मदतीचा कुठलाही अर्ज घ्या. नाव, पत्ता, जन्मतारीख इथपर्यंत पेन न अडखळता चालतं. मग एक तक्ता येतो. वर लिहिलेलं असतं, ‘कुटुंबातील एकूण व्यक्ती’, आणि खाली रकाने: नाव, वय, अर्जदाराशी नातं, मासिक उत्पन्न. इथे भलेभले थांबतात. नोकरीसाठी बाहेर राहणारा आणि अधूनमधून पैसे पाठवणारा मुलगा धरायचा का? नवऱ्याशी पटत नाही म्हणून काही महिने भावाकडे राहायला आलेली बहीण? अंथरुणाला खिळलेले सासरे, ज्यांच्या पेन्शनवर अर्ध्या घराचा खर्च चालतो?

नातेवाइकांचे आणि ओळखीच्यांचे अर्ज भरून द्यायचं काम माझ्याकडे कधी आलं, आठवत नाही. अक्षर बरं आहे आणि बारीक टाइपातल्या अटी वाचायचा कंटाळा येत नाही, एवढंच माझं भांडवल. लोक येतात तेव्हा त्यांच्या मनात एकच धास्ती असते, ‘उत्पन्न किती दाखवायचं?’ मला मात्र आता त्या रकान्याचं फारसं काही वाटत नाही. उत्पन्न मोजण्याआधी ते कुणाकुणाचं मोजायचं हे ठरलेलं असतं, आणि निम्मा निकाल तिथेच लागून जातो. तेवढीच कमाई असलेला माणूस एकटा राहत असेल तर निकषात बसतो, भावासोबत राहत असेल तर बसत नाही. त्याचा खिसा तोच असतो. घराभोवतीची रेघ तेवढी हललेली असते.

ही रेघ कोण कुठे ओढतं याच्या गमती पाहण्यासारख्या आहेत. ब्रिटनमध्ये मुलांसाठी घरोघर भत्ता मिळतो. 2013 च्या जानेवारीपासून तिथे असं ठरलं की आईबापांपैकी कुणा एकाचं वार्षिक उत्पन्न 50 हजार पौंडांवर गेलं की भत्त्याची रक्कम करातून परत घ्यायला लागायचं आणि 60 हजारांवर ती सगळीच परत घ्यायची. आता हिशेब करा. नवरा-बायको दोघंही प्रत्येकी 49 हजार मिळवतात, म्हणजे घरात 98 हजार येतात, आणि त्यांना पूर्ण भत्ता. शेजारच्या घरात एकटी आई 60 हजार मिळवते, तिला शून्य. 2024 मध्ये या मर्यादा 60 आणि 80 हजार केल्या, पण मोजणी माणशीच ठेवली. कारण साधं आहे: तिथला कर माणशी लागतो आणि घराची एकत्र कमाई करखात्याकडे नसतेच. एवढ्या मोठ्या अन्यायाला इतकं कारकुनी कारण असू शकतं, याची सवय व्हायला मला वेळ लागला.

आयर्लंडमध्ये ज्येष्ठांना वीज किंवा गॅसच्या बिलात सवलत आणि टीव्हीचा परवाना फुकट असं एक घरगुती पॅकेज आहे. सत्तरी गाठलेल्याला घरात आणखी कोण राहतं हे विचारत नाहीत. त्याहून लहान असाल तर विचारतात, आणि एकटे राहत नसाल तर सोबतची माणसं नियमात सांगितलेल्या प्रकारातलीच असावी लागतात. सत्तरीनंतरही एका घरात ते एकालाच मिळतं. दोन म्हाताऱ्या बहिणी एकत्र राहत असतील तर बिल एक, सवलत एक. यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. मीटर घराला असतो, माणसाला नाही.

आपल्याकडे तर दोन्ही मोजमापं शेजारी शेजारी नांदतात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य आहे आणि अंत्योदयच्या कार्डाला, घरात कितीही माणसं असोत, सरसकट 35 किलो. अंत्योदय कार्ड असलेली एकटी म्हातारी 35 किलो नेते. आठ माणसांचं अंत्योदय कुटुंबही 35 च नेतं. तेच कुटुंब प्राधान्य यादीत असतं तर 40 किलो मिळाले असते. म्हणजे सर्वांत गरीब म्हणून निवडलेल्या मोठ्या घराला थोड्या कमी गरीब घरापेक्षा कमी धान्य. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातही वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी कुटुंबाला होती. घरात कमावत्या वयाचे पाच जण असले तरी 100 दिवस सगळ्यांत मिळून. मग एका छपराखालची माणसं कागदावर विभक्त होतात. यात लबाडी किती आणि शहाणपण किती, हे लांब बसून सांगता येत नाही. नियम घराला मोजतो म्हटल्यावर लोक घरं वाढवणारच.

कागदावर वेगळं होणं ही आपलीच खासियत आहे असा आपला समज असतो, म्हणून 1931 सालच्या ब्रिटनची गोष्ट सांगावीशी वाटते. जगभर मंदी होती, बेकारी लाखांनी वाढली होती. विम्याचा बेकारभत्ता 26 आठवडे मिळायचा. तो संपल्यावर पुढची मदत हवी असेल तर त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून घराची झडती सुरू झाली. झडती हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. तपासणी अधिकारी घरी यायचा आणि फक्त अर्जदाराची मिळकत विचारून थांबायचा नाही. मुलाचा पगार, मुलीचा पगार, आजीची पेन्शन, पोटभाडेकरूचं भाडं, बँकेतली शिल्लक, सगळं एका बेरजेत जायचं. विकता येईल असं फर्निचर आहे का, हेही पाहिलं जायचं. खाणीत तीस वर्षं राबलेल्या बापाला सांगितलं जायचं, तुझा मुलगा कमावतो, त्याच्याकडून घे.

बापाने मुलाकडून घेण्यात वावगं काय, असं आपल्याला वाटू शकतं. आपल्याकडे तर ते कर्तव्यच मानतात. पण स्वखुशीने हातावर ठेवलेले पैसे आणि सरकारने गृहीत धरलेले पैसे यांत फार अंतर आहे. मुलगा देत असेल किंवा नसेल, बापाच्या भत्त्यातून ते कापले जायचेच. त्याचा परिणाम काय व्हायचा ते उघड होतं. कमावती तरुण पोरं घर सोडून भाड्याच्या खोलीत जायची, कुणी खरोखर, कुणी फक्त पत्त्यापुरती. घर एकत्र ठेवलं की दंड आणि मोडलं की मदत, असा तो उफराटा हिशेब. 1932 च्या सप्टेंबरात बर्कनहेडमध्ये याच्याविरुद्ध दंगल झाली, त्याच शरद ऋतूत भुकेल्यांचे मोर्चे लंडनवर चालून गेले. ही घरभर मोजणारी पद्धत मोडीत निघायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. 1941 च्या कायद्याने ती बहुतांशी संपवली. पुढच्याच वर्षी, 1942 च्या डिसेंबरात, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा अहवाल आला. वर्गणी भरलेल्याला मदत हक्काने मिळावी, त्यासाठी त्याची मिळकत तपासू नये, हा त्याचा कणा. त्या मागणीमागे अर्थशास्त्र होतंच, पण दहा वर्षं घराघरांत साठलेली चीडही होती.

त्याच काळातली एक बाई मला फार आवडते. एलेनॉर रॅथबोन, ब्रिटिश संसदेच्या सदस्य. मुलांसाठी भत्ता मिळावा म्हणून त्या काही दशकं भांडत होत्या. 1945 मध्ये विधेयक आलं तेव्हा त्यात पैसे बापाच्या नावे द्यायचे होते. आयुष्यभर ज्यासाठी झगडल्या त्याच विधेयकाविरुद्ध मत देईन, अशी भूमिका त्यांनी घेतली. शेवटी भत्ता आईच्या हातात द्यायचं ठरलं. पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येकामागे आठवड्याला 5 शिलिंग. वाटप 1946 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, रॅथबोन जानेवारीतच गेल्या होत्या. घराला पैसा दिला म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळाला असं होत नाही, हे त्यांना जितकं स्वच्छ दिसलं होतं तितकं आजही फार जणांना दिसत नाही. आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख धरली आहे. त्यामागचा विचार याच वाटेवरचा.

मध्येच घरचं एक सांगते. दूरच्या नात्यातल्या एक काकू आहेत, विधवा, मूलबाळ नाही, पुतण्याकडे राहतात. त्यांचा अर्ज भरताना मी त्या तक्त्यापाशी थांबले. पुतण्याचा पगार लिहिला तर काकू अपात्र ठरतील असं दिसत होतं. काकू म्हणाल्या, “अगं लिही, हा माझा कुणी लागत नाही.” पुतण्या समोरच बसला होता. तो म्हणाला, “लिहा बिनधास्त, काकू हे मला रोजच ऐकवते.” आम्ही हसलो, पण मी लिहिलं काहीच नाही. आधी नियमाची प्रत शोधली. अर्जात ‘कुटुंब’ म्हणजे कोण हे कुठेच नव्हतं, ते मूळ नियमात होतं: अर्जदार, तिचा पती, अज्ञान मुलं. पुतण्याचा प्रश्नच येत नव्हता. काकूंना खोटं बोलायची गरज नव्हती आणि पुतण्याला परकं व्हायचीही. असल्या व्याख्या अर्जावर का छापत नाहीत, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. किती जण ती व्याख्या न बघताच स्वतःला बाद करत असतील!

रेघ चुकीच्या जागी ओढली की ती उंबऱ्याच्या आत कुठवर जाते, याचा अमेरिकेतला एक खटला आहे. अलाबामा राज्यातली चार मुलांची आई. पहाटे साडेतीनपासून दुपारपर्यंत एका खाणावळीत कामाला, आठवड्याला 16 ते 20 डॉलर हातात. मुलांसाठी तिला सरकारी मदत मिळायची. 1966 मध्ये ती बंद झाली. कारण काय, तर शनिवार-रविवारी तिच्याकडे एक पुरुष येतो. राज्याचा 1964 चा नियम असा होता की आईशी संबंध असलेला कुठलाही धडधाकट पुरुष हा मुलांचा ‘पर्यायी बाप’ समजावा, मग तो घरात राहो वा न राहो, एक पैसा देवो वा न देवो. या माणसाला स्वतःची बायको होती आणि नऊ मुलं होती. या चौघांचा तो बाप नव्हता, आणि त्यांना पोसायची त्याची ऐपतही नव्हती. पण नियमाच्या दृष्टीने मुलांना बाप मिळाला होता, म्हणून मदतीची गरज उरली नव्हती. या नियमामुळे अडीच-तीन वर्षांत त्या राज्यात सुमारे 16 हजार मुलं यादीतून उडाली. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘किंग विरुद्ध स्मिथ’ या खटल्यात तो नियम एकमताने रद्द केला. ज्याच्यावर पोसण्याची कायदेशीर जबाबदारी नाही, त्याला बाप धरून लेकरांचे पैसे तोडता येणार नाहीत, असा निकालाचा मथितार्थ. पैसे मुलांसाठी होते. शिक्षा मात्र आईच्या वागणुकीची चालली होती.

घराचं झालं. मोजणीत काळाचीही रेघ असते आणि ती जास्त फसवी. वर्षाचं उत्पन्न, महिन्याचं, की पंधरवड्याचं? पगारदाराला फरक पडत नाही. ज्याचं काम कधी आहे कधी नाही, त्याचा सगळा खेळ इथेच. ऑस्ट्रेलियात बेकारभत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. 2016 च्या सुमारास तिथे करखात्याकडच्या वार्षिक आकड्यांशी ताळा घालून जुनी ‘जादा दिलेली’ रक्कम वसूल करायची यंत्रणा सुरू झाली. लोक तिला रोबोडेट, म्हणजे यंत्राने काढलेलं देणं, म्हणू लागले. यंत्र काय करायचं? वर्षाच्या कमाईला 26 ने भागायचं. समजा, एका बाईने सहा महिने नोकरी करून 26 हजार डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने बेकार राहून भत्ता घेतला. प्रत्यक्षात बेकारीच्या पंधरवड्यांत तिची कमाई शून्य. यंत्राच्या लेखी मात्र प्रत्येक पंधरवड्यात हजार डॉलर. म्हणजे भत्ता घेताना ती खोटं बोलली, सबब पैसे परत कर. नसेल तर त्या-त्या पंधरवड्याच्या पगारपावत्या दाखव. कित्येक वर्षांपूर्वीच्या पावत्या, आणि तेही बंद पडलेल्या धंद्यांच्या!

सरासरी काढणं हे शाळेत शिकलेलं निरुपद्रवी गणित. त्यातून लाखो लोकांच्या डोक्यावर नसलेलं कर्ज चढलं. 2019 च्या नोव्हेंबरात न्यायालयात सरकारला मान्य करावं लागलं की नुसत्या सरासरीवर काढलेलं देणं कायद्यात बसत नाही. पुढे पैसे परत करावे लागले आणि 2023 च्या जुलैत चौकशी आयोगाचा अहवाल आला. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या भत्त्याबाबत याहून क्रूर प्रकार घडला. एखादी सही राहिली, थोडा खर्च सिद्ध झाला नाही, की पूर्ण वर्षाचा भत्ता परत मागायचा. हजारो पालक कर्जात बुडाले. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर विशेष नजर ठेवली गेली होती, हेही उघड झालं. 2021 च्या जानेवारीत त्यावरून मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ही दोन्ही उदाहरणं श्रीमंत आणि नीटनेटका कारभार असलेल्या देशांतली आहेत. संगणक आला की घोळ संपतील असं मानणाऱ्यांना मी हीच दोन नावं सांगते.

आणखी एक रेघ म्हणजे कडा. ब्रिटनमध्ये आजारी माणसाची आठवड्यात 35 तास शुश्रूषा करणाऱ्याला भत्ता मिळतो. 2024-25 मध्ये तो आठवड्याला 81.90 पौंड होता, आणि स्वतःच्या कमाईची मर्यादा 151 पौंड. एका पौंडाने मर्यादा ओलांडली की सगळे 81.90 जायचे. पगार किंचित वाढला, हे लक्षात आलं नाही, कुणी सांगितलंही नाही, आणि काही वर्षांनी हजारोंची वसुली दारात. यावरचा उपाय माहीत नाही असं नाही. कमाई वाढेल तशी मदत हळूहळू कमी करत न्यायची. तिथल्याच दुसऱ्या एका योजनेत मर्यादेपुढे मिळवलेल्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स कापतात. उतारावरून चालत खाली येता येतं, कड्यावरून उडी मारावी लागत नाही. पण उताराचा हिशेब सामान्य माणसाला घरी बसून करता येत नाही, हा त्याचा दोष. मर्यादा तेवढी चटकन समजते.

तपासणी कडक केली की खोटे लाभार्थी गळतात, असं म्हणतात. गळत असतील. त्यांच्यासोबत खरेही गळतात, आणि त्यांचा कुणी गाजावाजा करत नाही. फ्रान्समध्ये किमान उत्पन्नाच्या मदतीला पात्र असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ती घेतच नाहीत. कुणाला माहीत नसतं, कुणाला कागद झेपत नाहीत, कुणाला लाज वाटते. चुकून मदत मिळालेल्याचं नाव वर्तमानपत्रात येतं. न मिळालेला कुठल्याच यादीत नसतो, मग तो मोजणार कोण? माझं मत विचाराल तर मी पहिल्या चुकीला बरीच माफी देईन.

कागद न विचारता पात्रता ठरवायचा एक मार्ग महाराष्ट्रानेच दाखवला होता. 1972 च्या दुष्काळात कामं निघाली तेव्हा दाखला कुणी मागितला नाही. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू. पुढे त्याचा कायदा झाला आणि 1979 च्या 26 जानेवारीपासून लागू झाला. ज्याला गरज नाही तो रांगेत उभाच राहत नाही, अशी ती चाळणी. सुंदर कल्पना, यात वाद नाही. पण जो खडी फोडू शकत नाही, म्हातारा, आजारी, ओली बाळंतीण, तो या चाळणीतून आपोआप बाहेर पडतो. त्यांच्यासाठी पुन्हा अर्ज, तक्ता आणि दाखले आलेच. म्हणून अर्ज नकोतच असं मी म्हणणार नाही. मोजायचं तर शक्यतो माणूस मोजा, घर नाही, एवढंच म्हणेन. बिल घराचं असेल तिथे घर मोजा.

अर्ज भरायला बसताना मी आता आधी तीन गोष्टी शोधते. कुटुंब म्हणजे कोण, उत्पन्न कुठल्या काळातलं, आणि उत्पन्नात काय काय धरतात. शेवटचं फार जण सोडून देतात, पण एखाद्या दुसऱ्या योजनेतून मिळणारी रक्कम पुष्कळदा उत्पन्नात धरायची नसते. लोक ती प्रामाणिकपणे लिहितात आणि बाद होतात. परिस्थिती बदलली, कुणी कामाला लागलं, कुणी घर सोडलं, तर ते त्याच महिन्यात लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. वसुलीच्या पत्राला उत्तर देताना ती पोचच उपयोगी पडते, आपली आठवण नाही.

आणि मदत बंद झाली तर कारण विचारायचं. ‘अपात्र’ हे कारण नव्हे, कुठल्या अटीत बसत नाही ते कारण. 1970 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ या खटल्यात सांगितलं की गरजूची मदत आधी बंद करून नंतर म्हणणं ऐकायचं हे चालणार नाही, आधी ऐकायचं. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही, तो अपिलाचा निकाल लागेपर्यंत जगणार कशावर, असा तो साधा प्रश्न होता. सगळ्या देशांत हा नियम नाही. अपिलाची सोय मात्र बहुतेक ठिकाणी असते आणि तिला मुदत असते. ती पत्रावरच्या तारखेपासून मोजतात की पत्र हातात पडल्यापासून, हे आधी बघायचं. हातात पडल्यापासून असेल तर पाकीट फेकायचं नाही, टपालाचा शिक्का त्याच्यावरच असतो.